मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके

महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या आणि बोट पूर्वेकडे न्या. नागपूरच्या खाली चंद्रपूर जिल्हा दिसेल. त्याच्याही पलीकडे, छत्तीसगड आणि तेलंगणाच्या हद्दीला लागून, एक लांबट जिल्हा आहे. तो गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. त्या मुलखाचे जुने नाव चांदा. चांद्याला गोंड राजांची राजधानी होती. त्यांनी बांधलेला परकोट आणि त्याचे मोठमोठे दरवाजे आजही चंद्रपूर शहरात उभे आहेत.

शहर सोडून पूर्वेला आणि दक्षिणेला गेले की जंगल सुरू होते. साग, ऐन, बांबू, मोह, तेंदू. मग टिपागड, सुरजागड, भामरागड यांचे डोंगर लागतात. वर्धा आणि वैनगंगा या नद्या एकत्र येऊन प्राणहिता होते आणि ती खाली सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. या प्राणहितेच्या काठाजवळ अहेरी नावाचे गाव आहे. अहेरीच्या परिसरात मोलमपल्ली हे लहानसे गाव. तेथे १२ मार्च १८३३ रोजी एका राजगोंड जमीनदाराच्या घरी मुलगा झाला. वडिलांचे नाव पुल्लेसूरबापू, आईचे नाव जुर्जाकुंवर. मुलाचे नाव बाबुराव.

जमीनदार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठी हवेली, पालखी आणि नोकरचाकर येतात. जंगलातला जमीनदार तसा नव्हता. त्याच्या ताब्यात काही गावे असत. गावकऱ्यांकडून थोडा महसूल घ्यायचा, वरच्या सत्तेला नजराणा द्यायचा, भांडणतंटे सोडवायचे आणि संकट आले तर माणसे गोळा करून पुढे व्हायचे, हे त्याचे काम. जमीनदार, महसूल, नजराणा, परगणा हे शब्द तुम्हांला नवे वाटणार नाहीत. तुमच्या घरच्या भाषेतही ते आहेत. मराठीने ते फारसी-अरबीतून घेतले आणि आपलेसे केले. गोंडांच्या मुलखातही कारभाराचे शब्द हेच होते. मात्र घरात आणि रानात लोक गोंडी बोलत. गोंडी ही मराठीसारखी भाषा नाही. ती तेलुगूच्या कुळातली आहे.

बाबुरावांचे बालपण समजून घ्यायचे, तर त्या गावांतले रोजचे जीवन पाहिले पाहिजे. माणूस कशासाठी लढला हे त्याच्या घरातून आणि शेतातून जास्त नीट कळते, असे मला वाटते.

तेथे वर्षाची मोजणी पिकांबरोबर झाडांवरूनही होते. मार्च महिना आला की मोह फुलतो. त्याची फुले रसाळ असतात आणि रात्री गळून पडतात. पहाट होण्याआधीच घरातली बायकामुले टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. ऊन चढण्यापूर्वी वेचणी करावी लागते, कारण गुरे आणि अस्वले यांनाही मोहाची फुले आवडतात. वेचलेली फुले अंगणात वाळवून ठेवतात. त्यांची दारू होते, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण ती अन्न म्हणूनही खातात, हे फार थोड्यांना माहीत असते. पावसाळ्यात घरातले धान्य संपत येते, तेव्हा हीच वाळलेली फुले शिजवून पोट भरतात. बियांचे तेल निघते, ते जेवणात आणि दिव्यात वापरतात. म्हणून ज्या घराच्या वाट्याला मोहाची चांगली झाडे आहेत, ते घर उपाशी राहत नाही.

मोहानंतर चारोळी आणि तेंदूची फळे येतात. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब उगवतात. त्यांना तिकडे वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजी करतात. मध, डिंक, लाख, हिरडा हे सर्व जंगलातच मिळते. मैदानी भागात तळ्यांच्या पाण्यावर भात पिकतो. गोंड राजांनी तळे बांधणाऱ्याला जमीन इनाम देण्याची पद्धत ठेवली होती. तिच्यामुळे या भागात खूप तळी झाली. डोंगरावरचे माडिया लोक मात्र वेगळी शेती करत. जंगलाचा एक तुकडा तोडायचा, तोडलेली लाकडे व फांद्या तेथेच जाळायच्या आणि राखेत बी टाकायचे. दोनतीन वर्षांनी तो तुकडा सोडून द्यायचा, म्हणजे त्यावर पुन्हा झाडे वाढतात. या शेतीला पेंदा म्हणतात. बाहेरच्या अधिकाऱ्यांना ती जंगलाची नासधूस वाटे. डोंगरावर नांगर चालत नाही आणि माणसे थोडी आहेत, अशा ठिकाणी ती शहाणपणाची रीत होती.

गोष्ट घेण्याचेही नियम होते. नवे पीक किंवा नवे फळ आले, तर ते आधी देवाला दाखवायचे, मग घरात खायचे. अशा सणाला पंडुम म्हणतात. पंडुम झाल्याशिवाय कोणी आंबासुद्धा तोडत नाही. यामुळे कच्ची फळे कोणी ओरबाडत नाही. गोंडांचा मोठा देव म्हणजे पर्सा पेन. त्याचे ठाणे बहुधा ऐनाच्या झाडाखाली असते. प्रत्येक कुळाच्या देवांची संख्या ठरलेली असते. कोणी चार देवांचे, कोणी पाच, सहा किंवा सात देवांचे. ज्यांच्या देवांची संख्या सारखी, ते एकमेकांचे भाऊबंद. त्यांच्यात लग्न होत नाही. कुळांचा इतिहास परधान लोक किंगरी नावाच्या वाद्यावर गाऊन सांगतात. जुने लिहिलेले बाड तेथे सापडले नाही, तरी परधानाच्या तोंडून सात पिढ्या ऐकायला मिळतात. माणूस मेला की माडिया लोक त्याच्या नावाने मोठा दगड उभा करतात. गावाच्या शिवेवर असे दगड रांगेने उभे दिसतात.

गावात एक सामाईक घर असते. त्याला गोटुल म्हणतात. तरुण मुलेमुली तेथे जमतात, रेला नाचतात, गाणी शिकतात. पंचांची बैठकही तेथेच होते. बाबुराव अशा गोटुलात शिकले. तिरकमठा, तलवार, लाठी, रानातल्या वाटा, जनावरांची चाहूल, मोठ्यांसमोर कसे बोलावे, हे सगळे शिक्षण तेथले. गोंडीबरोबर हिंदी आणि तेलुगू त्यांना येत होती. वडिलांनी पुढे त्यांना रायपूरला इंग्रजी शिकण्यासाठी पाठवले, असे सांगतात. म्हणजे नव्या राज्यकर्त्यांची भाषा त्यांच्या कानांवरून गेली होती. शिक्षण संपवून ते मोलमपल्लीला परतले. राजकुंवर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि ते वडिलांच्या जमीनदारीत लक्ष घालू लागले.

याच सुमारास वरची सत्ता बदलली. नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले. त्यांना मुलगा नव्हता. गव्हर्नर जनरल डलहौसीने वारस नाही असे कारण दाखवून १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. त्याबरोबर चांदाही इंग्रजांकडे गेला. भोसल्यांच्या काळात जंगलातल्या जमीनदारांनी नजराणा पोहोचवला की बाकीचा कारभार त्यांच्या हाती असे. नवे सरकार तसे नव्हते. त्याचा डेप्युटी कमिशनर चांद्याला बसे. त्याला हिशेब हवा होता, कायदा एकच हवा होता आणि जमीनदारांच्या हातातला न्यायाचा अधिकार त्याला खुपत होता. पूर्वी जो प्रश्न गावच्या पंचांपुढे किंवा जमीनदारापुढे सुटत असे, तो आता कचेरीत जाऊ लागला. कचेरीतल्या माणसाला गोंडी येत नव्हती. एवढ्या एका गोष्टीवरून गावकऱ्यांना काय वाटले असेल, याचा अंदाज करा.

१८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानात मोठा उठाव झाला. मेरठ, दिल्ली, लखनौ, झाशी ही नावे तुम्ही इतिहासात वाचली आहेत. त्या उठावाच्या बातम्या बाजारहाटातून आणि बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर जंगलातही पोहोचल्या असतील. २४ सप्टेंबर १८५७ रोजी बाबुरावांनी जंगोम दल स्थापन केले. जंगोम या गोंडी शब्दाचा अर्थ जागृती असा सांगतात. सुमारे ५०० तरुण या दलात आले, अशी माहिती मिळते. त्यांत गोंड होते, माडिया होते आणि रोहिलेही होते.

रोहिले येथे कुठून आले, असा प्रश्न तुम्हांला पडेल. प्राणहितेच्या पलीकडे हैदराबादच्या निजामाचे राज्य होते. त्या राज्यात पठाण वंशाचे रोहिले शिपाईगिरी करून पोट भरत. कोणी जमीनदार, कोणी सावकार त्यांना नोकरीवर ठेवी. काम संपले की ते दुसरीकडे जात. बाबुरावांच्या फौजेत गोंड धनुर्धारी आणि रोहिले बंदूकवाले असे बरोबर होते. इंग्रजांच्या अहवालांतही गोंड आणि रोहिले अशी जोडीनेच नोंद आहे. एकाचा देव ऐनाच्या झाडाखाली, दुसरा नमाज पढणारा. एक जंगलाचा मालक, दुसरा परका. तरी त्या वर्षी त्यांनी एकाच पानावरची भाकर खाल्ली.

७ मार्च १८५८ रोजी बाबुरावांनी राजगड परगण्यावर हल्ला करून तो ताब्यात घेतला. चांद्याला तेव्हा कॅप्टन क्रिक्टन हा डेप्युटी कमिशनर होता. त्याने फौज पाठवली. नांदगाव-घोसरीजवळ लढाई झाली आणि त्या फौजेला माघार घ्यावी लागली. या विजयाने आणखी लोक पुढे आले. त्यांत अडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव हे मुख्य. दोघांनी मिळून लढा पुढे नेला. गढीसुर्ल्याच्या डोंगरावर त्यांनी ठाण मांडले. खालून इंग्रजांची फौज वर चढू लागली, तेव्हा वरून दगडधोंड्यांचा मारा झाला. ज्यांच्याकडे तोफा नव्हत्या, त्यांच्या कामी डोंगर आला.

महिने लक्षात घ्या. मार्च आणि एप्रिल. मोह गळण्याचे हेच दिवस. प्रत्येक घराला तेव्हा एकेक हात मोलाचा असतो. दोन महिने वेचणी चुकली, तर पावसाळ्यात चूल पेटणे अवघड. असे असताना शेकडो तरुण घर सोडून डोंगरावर होते. ते बाहेर असताना झाडाखालची फुले म्हाताऱ्यांनी, बायकांनी आणि लहान मुलांनी वेचली असणार. लढाईच्या इतिहासात त्यांचा उल्लेख येत नाही. पण फौजेच्या पोटात जे अन्न गेले, ते या हातांनी जमवले होते.

२९ एप्रिल १८५८ च्या रात्री एक वेगळी घटना घडली. प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या लोकांची छावणी होती. बाबुराव आणि व्यंकटराव यांच्या माणसांनी तिच्यावर हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले. पीटर नावाचा तिसरा निसटला आणि क्रिक्टनकडे पोहोचला. तारेच्या खांबांवरून इंग्रजांचे हुकूम एका दिवसात शेकडो मैल जात. म्हणून त्या काळी देशात ठिकठिकाणी उठाव करणाऱ्यांनी तारा तोडल्या. तरीही छावणीत झोपलेले ते दोघे सैनिक नव्हते, हे सांगितलेच पाहिजे. शूर माणसाचे चरित्र लिहिताना अशी पाने गाळू नयेत. या हल्ल्यानंतर क्रिक्टनने बाबुरावांना पकडण्यासाठी सगळी ताकद लावली. पकडून देणाऱ्याला एक हजार रुपयांचे बक्षीस जाहीर झाले, असे सांगतात.

जंगलात शिरून बाबुरावांना धरणे इंग्रजांना जमण्यासारखे नव्हते. पावसाळा तोंडावर होता. पाऊस सुरू झाला की नाले भरतात, नद्या फुगतात, वाटा बंद होतात. त्या डोंगरांत कोण कुठे आहे, हे परक्याला कळत नाही. म्हणून क्रिक्टनने दुसरा मार्ग धरला. अहेरीची जमीनदारी या भागात सर्वांत मोठी होती आणि मोलमपल्ली तिच्याच हाताखाली येई. तेव्हा अहेरीचा कारभार लक्ष्मीबाई या जमीनदारीणबाईंच्या हाती होता. बाबुरावांना हवाली करा, असा दबाव त्यांच्यावर आला. त्यांनी इंग्रजांची बाजू घेतली.

लक्ष्मीबाईंना आपण सहज फितूर म्हणून मोकळे होतो. पण त्यांच्या जागी उभे राहून पाहा. नागपूरचे राज्य कसे गेले, हे त्यांनी पाहिले होते. दिल्ली पडली, लखनौ पडले, ही बातमीही तोवर आली असणार. अहेरीची जमीनदारी वाचवायची, तर एकच वाट त्यांना दिसली. ती वाट बरोबर होती, असे मी म्हणणार नाही. त्यांच्या निवडीची किंमत एका तरुणाने प्राण देऊन मोजली आणि त्यांना मात्र तिचे इनाम मिळाले.

पकडण्याची हकीकत लोक अशी सांगतात. लक्ष्मीबाईंनी पाठवलेल्या रोहिल्यांनी बाबुरावांना भोपालपट्टणमला झोपेत गाठले. पण बाबुरावांनी त्यांची समजूत घातली आणि ते सुटले. पुढे ते अहेरीच्या बाजूला आले असता त्यांना जेवणाचे बोलावणे गेले. ते जेवायला बसले आणि त्यांना घेरण्यात आले. म्हणजे रोहिले त्यांच्या बाजूनेही लढले आणि त्यांच्या विरुद्धही पाठवले गेले. पोटासाठी शिपाईगिरी करणाऱ्यांच्या नशिबी असे दोन्ही येते. गोंडांच्या मनाला मात्र जास्त लागली ती जेवणाची गोष्ट. घरी आलेल्याला आधी पाणी द्यायचे, मग जे असेल ते त्याच्यापुढे ठेवायचे, ही त्या गावांची रीत. ताटावर बसलेल्या पाहुण्याला धरणे हे त्यांच्या हिशेबात लढाईतल्या कोणत्याही कृत्यापेक्षा वाईट होते.

१८ सप्टेंबर १८५८ रोजी बाबुरावांना इंग्रजांच्या स्वाधीन करून चांद्याला आणण्यात आले. खटला चालला. शिक्षा ठरली ती फाशीची. २१ ऑक्टोबर १८५८ या दिवशी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. त्यांचे वय होते पंचवीस वर्षे. भाताच्या लोंब्या तेव्हा पिवळ्या पडू लागलेल्या असतात.

त्यांच्या मृत्यूविषयी गावोगाव एक कथा आहे. फाशीचा दोर त्यांच्या गळ्यात टिकेना, तो पुन्हा पुन्हा तुटला, असे म्हातारी माणसे सांगतात. ही कथा सरकारी कागदात नाही. तिला पुरावा मागण्यात अर्थही नाही. आपला माणूस सहजासहजी मेला नाही, एवढेच लोकांना तिच्यातून सांगायचे असते.

व्यंकटराव बस्तरच्या जंगलात निसटले. दीड वर्षाने, १८६० मध्ये, बस्तरच्या राजाने त्यांना पकडून दिले. त्यांच्या आई नागाबाई यांनी खटपट केल्यामुळे त्यांचा जीव वाचला, पण जन्मठेप झाली आणि जमीनदारी जप्त झाली. त्यांच्या अडपल्ली आणि घोट परगण्यांतली ६७ गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली.

बाबुराव गेले आणि ज्याची त्यांना भीती होती, ते पुढे झाले. १८६५ मध्ये सरकारने जंगलाचा पहिला कायदा केला. १८७८ मध्ये दुसरा आला, तो अधिक कडक होता. जंगलाचे मोठमोठे भाग राखीव झाले. आलापल्लीच्या सागाला मागणी होती. सरकारला ते जंगल म्हणजे लाकडाचे कोठार वाटले. राखीव जंगलात पेंदा बंद झाला. बांबू तोडला तर गुन्हा, गुरे शिरली तर दंड. आजोबांच्या काळी जो मोह घराचा होता, तो नातवाच्या काळी सरकारचा झाला. गार्डाची परवानगी, गार्डाची भीती आणि गार्डाच्या घरी द्यावी लागणारी कोंबडी, हेही मग तिकडच्या रोजच्या जीवनात आले.

चंद्रपूरच्या तुरुंगाच्या आवारात एक जुना पिंपळ आहे. त्याच झाडाला बाबुरावांना फाशी दिली, असे लोक मानतात. दरवर्षी २१ ऑक्टोबरला दूरदूरच्या गावांतून माणसे तेथे येतात. कोणी पिवळे झेंडे आणतात, कोणी ढोल आणतात. एकमेकांना भेटल्यावर ते जय सेवा म्हणतात. भारतीय टपाल खात्याने १२ मार्च २००९ रोजी बाबुरावांच्या नावाने तिकीट काढले.

त्याच २००९ सालची आणखी एक गोष्ट. गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याजवळ मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहान गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत त्याचे नाव आहे. तरीही आपल्याच जंगलातला बांबू बाहेर नेण्याचा परवाना मिळेपर्यंत गावाला आणखी दोन वर्षे भांडावे लागले. २०११ मध्ये तो परवाना ग्रामसभेच्या हातात आला आणि गावाने आपला बांबू आपण मोजून विकला.